इसार देण्याआधी फेरफार वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुणांनी पहिली गुंतवणूक जमिनीत करावी, असा सल्ला आपल्या पुरवणीत वरचेवर वाचतो. भाव कुठे वाढतील हे त्यात असतं, पण उतारा कसा वाचायचा हे कुणी सांगत नाही. मी सातारा जिल्ह्यात तलाठी होतो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पुण्यात नोकरी करणारी मुलं शनिवार-रविवारी वाई-जावळीकडे प्लॉट बघायला येतात आणि कुणाच्या तरी ओळखीनं माझ्यापुढे सातबारा ठेवतात. बहुतेकांनी तोवर टोकन, म्हणजे इसाराची रक्कम, देऊन टाकलेलं असतं. कष्टाचे पैसे असे अडकताना बघवत नाही, म्हणून हे पत्र.

मालकीबाबत सातबारा आज कुणाचं नाव आहे एवढंच सांगतो. ते नाव तिथं आलं कसं, हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींत, फेरफारात असतं. उताऱ्यावर नावाशेजारी फेरफारांचे क्रमांक असतात. ते एकेक करून काढा आणि निदान तीस वर्षं मागे जा. जुन्या नोंदीत नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तिथंच थांबा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एका भावाचं नाव लागलेलं असतं, हक्क मात्र बाकीच्यांचाही असतो. बहिणींचं विशेष बघा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक जोडपं आलं होतं. उताऱ्यावर एकच नाव, कर्जाचा बोजा नाही, विकणारा माणूसही सरळ. फेरफार काढले तेव्हा वारसनोंदीत तीन बहिणी निघाल्या. पुढच्या एका नोंदीनं त्यांची नावं कमी झाली होती, आधार काय तर 'वर्दी व जबाब', म्हणजे तलाठ्याकडे दिलेली खबर आणि जबाब. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. विकणाऱ्याला यात काही वावगं वाटत नव्हतं, आमच्याकडे असंच चालतं असं तो म्हणाला, आणि ते खरंही आहे. तरी मी त्या दोघांना सांगितलं, तिन्ही बहिणी खरेदीखतावर सही करायला येणार असतील तरच पुढे जा.

सातबारावरचा 'इतर हक्क' हा रकाना एजंट सहसा दाखवत नाही. कुळकायदा कलम ४३ (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरचं बंधन), बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, न्यायालयातला दावा, धरणाच्या लाभक्षेत्रातला पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथं सापडतं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करू नका. 'परवानगी नंतर काढून देतो' या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. शेतजमीन असेल तर आपण स्वतः कायद्यानं शेतकरी आहोत का, हेही बघा. नोटरीच्या कागदानं जमिनीची मालकी मिळत नाही, हे अजून सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

रस्ता जागेवर दिसतो म्हणून तो हक्काचा आहे असं धरू नका. गटाचा नकाशा काढा, मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशाची प्रत, मागा. विक्रेत्याच्या भावकीनं उद्या बांध घातला तर पंचवीस लाखांच्या प्लॉटवर जायला वाट उरत नाही.

वकिलाकडून शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या जुन्या कागदांच्या तपासणीचा अहवाल, घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. 'एनए', म्हणजे बिनशेती, प्लॉट म्हणणाऱ्याकडे बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन दोन्ही मागा. 'प्रस्तावित एनए' म्हणजे आज ती शेतजमीनच आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी सहसा लागते आणि त्याआधी जाहिरातही करता येत नाही. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायलाही कायद्याची मनाई आहे.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतल्या प्लॉटच्या प्रत्येक जाहिरातीत महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड आहे का, हे छापण्याआधी तपासलं जावं, ही विनंती. शिवाय एखाद्या रविवारी नमुन्याचा सातबारा आणि त्याचा फेरफार पानभर छापून प्रत्येक रकान्याचा अर्थ द्यावा. मजकूर मी विनामोबदला लिहून देईन.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, वाई