तात्या, ते ९० रुपयेसुद्धा परत आले

ति. तात्यांस,
सा. न. वि. वि.

बँकेने माझ्या खात्यातून चुकीचे कापलेले पैसे तुमच्यामुळे परत आले, पण तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच पाऊसपाण्यावर घसरता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतीलच. शिवाय वेंगुर्ले-कुडाळ पट्ट्यात माझ्यासारखे छोटे काजू कारखानदार पुष्कळ आहेत. मार्च ते मे कॅश क्रेडिट खात्यातून, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तशी उचल देणाऱ्या कर्जखात्यातून, काय काय वजा होतंय ते बघायला कोणाला फुरसत असते? शेतकऱ्याला बीचे पैसे रोख हवे असतात, खळ्यात बी वाळत पडलेली असते आणि एक डोळा ढगांवर. त्यातच दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, द्यायचं.

मी ते वेळेवर देत होते. तरी गेल्या हंगामात खात्यावर ५९० रुपयांची नोंद दर महिन्याला पडत राहिली. कारण विचारलं तर शाखेतून एकच उत्तर, ‘सिस्टिमने लावलेत.’ सिस्टिम म्हणजे जसा काही वाडीचा राखणदार देवचार, त्याला जाब कोण विचारणार!

तुम्ही विचारलात. खात्याचा उतारा पडवीत पसरलात, पेन्सिलीने प्रत्येक ५९० भोवती गोल केलात आणि बाजूला ‘५०० + ९०’ असं लिहिलंत. स्टेटमेंट उशिरा दिल्याचा दंड ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. मग चष्म्यावरून बघत म्हणालात, “हे नव्वद खंयसून इले?” कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल बँक जो दंड लावते त्यावर जीएसटी लागतच नाही, हे डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये तसं परिपत्रकही निघालं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही ही परिपत्रकं वाचता, याचं घरच्यांना हसू येत असेल. मला नाही येत.

मुळात ते ५०० तरी का? माझ्याकडे प्रत्येक स्टेटमेंटची पोच होती, शाखेचा शिक्का आणि तारखेसकट. सासऱ्यांपासूनची शिस्त आहे ती, आमच्याकडे वीजबिलाची पावतीसुद्धा तारेला टोचून ठेवतात. तुम्ही एकेक पोच एकेका नोंदीशेजारी लावलीत आणि सगळं आरशासारखं स्वच्छ झालं. कागद बँकेत वेळेवर पोचला होता, संगणकात तो कोणी चढवलाच नव्हता.

रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रकही तुम्हीच दाखवलंत. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंत लावायचं होतं. दंड व्याजात मिसळायचा नाही, दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज धरायचं नाही, आणि दंड लावला तर तो का लावला हे कर्जदाराला कळवायचं. मला एका ओळीनेही कोणी कळवलं नव्हतं, आणि ते ५९० खात्यात नावे पडल्यामुळे त्यावर व्याजही चढत होतं.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुमच्या खोडरबराचा. मी लिहिलेल्या अर्जात ‘लूट’ होती, ‘पिळवणूक’ होती, मॅनेजरसाहेबांच्या वागण्यावर एक अख्खा परिच्छेद होता. तुम्ही म्हणालात, “ह्यां सगळां काढ. तारीख, रक्कम, नोंद. बाकी काय नको.” कर्जाच्या नूतनीकरणाची प्रोसेसिंग फीसुद्धा मी परत मागितली होती. मंजुरीपत्रात ती छापलेली दाखवून म्हणालात, “सही तुझीच आसा.” तेव्हा राग आला होता, खरं सांगते. आता वाटतं, तो एक खोटा दावा आत राहिला असता तर बँकेने तोच धरून बाकीचे खरे दावेही उडवले असते. मालाच्या विम्याची दुसरी पॉलिसी बँकेने परस्पर काढली होती, तो मुद्दा मात्र तुम्ही ठेवलात, कारण माझ्या पॉलिसीची प्रत दिल्याचीही पोच होती.

शाखेचं उत्तर आलं, ‘शुल्क नियमानुसार.’ मग बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर तक्रार केली. आधी बँकेला लेखी द्यायचं, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही की ठरलेल्या मुदतीत इकडे यायचं. फी नाही. वकील लागत नाही, वकिलामार्फत तक्रार घेतही नाहीत. बाजारात एकजण ‘वसुलीतले तीस टक्के द्या, मी बघतो’ म्हणत होता, त्याला तुम्ही बाहेरूनच वाटेला लावलंत ते बरं केलंत. अडलं तर १४४४८ वर मराठीतही बोलता येतं, हे इतरांसाठी लिहून ठेवते.

निकालापर्यंत जावंच लागलं नाही. बँकेने आपणहून पैसे जमा केले, पण नुसते पाचशे-पाचशे आणि विम्याचा हप्ता. मी पेढे आणायच्या तयारीत होते, तुम्ही पुन्हा पेन्सिल काढलीत. नव्वदांचा आणि व्याजाचा वेगळा तक्ता करून पाठवला, तेव्हा तेही आले. रक्कम ऐकून कोणी तोंडात बोट घालणार नाही, पण सोलणाऱ्या बायकांची एका आठवड्याची मजुरी त्यातून सुटली.

तुम्ही काजूगराचं पाकीट परत पाठवलंत, त्यावर मी काही बोलत नाही. एक काम मात्र आहे. आमच्या शेजारच्या आमसूलवाल्या वहिनींच्या चालू खात्यातून क्यूआर कोडच्या नावाखाली काहीतरी कापलं जातंय. ग्राहकाच्या बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याचं शुल्क, घ्यायचा नाही, हे जानेवारी २०२० पासून आहे, एवढं मी त्यांना सांगितलं. पुढचं तुम्ही बघा. रविवारी सकाळी उतारा घेऊन दोघी येतो, सोयीची वेळ सूनबाईंकडून कळवा.

तुमची,
वेंगुर्ल्याची काजूवाली