लग्नातलं अन्न पातेल्यातूनच बाजूला काढा

संपादक महोदय,

तुळशीची लग्नं लागली की मंगल कार्यालयांच्या तारखा भरतात आणि रात्री साडेदहा-अकराला अन्नवाटप करणाऱ्या कॉलेजच्या मुलांचे फोन वाजू लागतात : 'पन्नास-साठ माणसांचं जेवण उरलंय, घेऊन जा.' मुलं दुचाकीला डबे बांधून लगोलग निघतात. त्यांच्या या धावपळीचं मोल मोठं आहे. पण फोन येईतो त्यातलं बरंचसं अन्न वाटण्याजोगं उरलेलंच नसतं.

शिजवलेलं अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली गार ठेवावं लागतं. मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. रात्री आठला बुफेवर मांडलेला मसालेभात, त्याखालची वात विझली की अकरापर्यंत कोमटच पडून राहतो. भाताची धास्ती सगळ्यांत जास्त. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, भात कोमट राहिला की वाढीला लागतात आणि त्यांच्यामुळे तयार होणारं, उलट्या करवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. म्हणून 'वास घेऊन पाहिलाय, चांगलाय' किंवा 'वाटायच्या आधी उकळून घेऊ' यावर विसंबू नये.

यावरचा उपाय केटररच्या हातात आहे. शेवटचे पाहुणे ताटं घेत असतात तेव्हाच किती उरणार याचा अंदाज आचाऱ्याला आलेला असतो. फोन त्याच वेळी करावा. स्वयंपाकघरातल्या, बाहेर न मांडलेल्या पातेल्यातलं अन्न झाकून मंद आचेवर ठेवावं आणि तेच द्यावं. वाढपाच्या भांड्यातलं त्यात उलटू नये.

मुलांनी 20 लिटरचे, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे उकळत्या पाण्याने विसळून न्यावेत. एका डब्यात साधारण 15 किलो भात मावतो, म्हणजे पन्नास-साठ माणसांचा. डबा काठोकाठ भरून जाड गोधडीत गुंडाळावा. अर्धा भरलेला लवकर निवतो. हमखास होणारी चूक म्हणजे आधीच कोमट झालेलं अन्न असं गुंडाळणं. मग ते मध्यभागी तासन्‌तास कोमटच राहतं, आणि जिवाणूंना हवं असतं ते हेच. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो कडेला न लावता मध्यभागी खुपसावा.

कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, मठ्ठा, बासुंदी, पनीरची भाजी बाहेर मांडलेली असेल तर घेऊच नये. पुऱ्या, पोळ्या, जिलेबी, लाडू बिनघोर न्यावेत. डब्यावर पदार्थाचं नाव, शिजवल्याची वेळ आणि शाकाहारी की मांसाहारी हे खडूने का होईना, पण लिहावं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे विनियम आहेत. गटाची नोंदणी आणि काय, किती, कुठून आणलं, कुठे दिलं याची वही, दोन्ही हवंच.

वस्तीत आधी फोन करून किती घरं जागी आहेत ते विचारावं. लोकांना आपापली भांडी आणायला सांगावं, गरम आमटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये. आणि घेणाऱ्यांचे फोटो काढू नयेत.

कोमट पातेलं नाकारणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला 'फुकट मिळतंय, वर नखरे' असं ऐकून घ्यावं लागतं. यजमानांच्या घोळक्यात 'नाही' म्हणणं त्याला सोपं नसतं, आणि वस्तीतल्या लेकरांची काळजी घेतो म्हणूनच तो ते म्हणतो. त्याच्या पाठीशी उभं राहायला कार्यालयांनी बुकिंगच्या अर्जातच दोन ओळी छापाव्यात : अन्न उरणार असल्यास कुणाला आणि किती वाजेपर्यंत कळवायचं, आणि 60 अंशांखालचं गरम जेवण स्वीकारलं जाणार नाही.

– अन्नवाटप करणारे कार्यकर्ते, पुणे