अटकेचे कारण आरोपीच्या भाषेत हवे

मा. संपादक,

कोणत्याही गुन्ह्यात अटक झाली, तरी अटकेची कारणे आरोपीला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिलीच पाहिजेत, असा निकाल तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. प्रकरण वरळीच्या मोटार अपघाताचे आणि आरोपी बड्या घरचा असल्याने ‘बड्यांना आणखी एक पळवाट’ अशी टीका आम्हा वकिलांतही ऐकू येते. मला ती अजिबात मान्य नाही. बड्या आरोपीचा वकील पोलीस ठाण्यात लगेच हजर होतो. अंधारात राहतो तो चाकणला कंत्राटावर आलेला ओडिया मजूर, किंवा पारधी वस्तीवरून पहाटे उचललेला पोरगा. मराठी छापील फॉर्मवर अंगठा, दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा, थोड्याच वेळात पोलीस कोठडी. बाहेर थांबलेल्या आईला कलमाचा आकडा सांगतात. पोराने नेमके काय केले म्हणून धरले, हे तिला सांगायला कुणाला वेळ नसतो.

राज्यघटनेचे कलम २२ कारणे कळवायला सांगते. ती लेखीच द्या, असे त्यात म्हटलेले नाही हे खरे. पण २१व्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ची, म्हणजे न्याय्य प्रक्रियेशिवाय कुणाचे स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही याची, हमी गेली, तिची भरपाई म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये ही तरतूद घटना समितीपुढे मांडली होती. तिचा अर्थ संकुचित लावला, तर ती भरपाई उरतच नाही. भाषेचा मुद्दाही नवा नाही. नागपूरच्या एका स्थानबद्धाला इंग्रजीत कारणे देऊन हिंदी भाषांतर नाकारले गेले, तेव्हा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली होती. तो प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच कोंडून ठेवण्याचा, विषय होता. साध्या अटकेपर्यंत तोच न्याय पोहोचायला ६३ वर्षे लागली.

लगेच लिहून देणे अशक्यच असेल, तर कारणे तोंडी सांगून निदान रिमांडच्या (कोठडीच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या) दोन तास आधी कागद हातात द्यावा, अशी सवलत न्यायालयाने ठेवली आहे. नाही दिला, तर अटक आणि रिमांड बेकायदा. पोलिसांवर हा फार मोठा बोजा आहे असे मला वाटत नाही. गृह विभागाने मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, ओडिया अशा भाषांतले नमुने प्रत्येक ठाण्यात ठेवावेत. आणि दंडाधिकाऱ्यांनी रिमांडच्या आदेशात एक ओळ लिहावी : कागद किती वाजता आणि कोणत्या भाषेत दिला.

– एक वकील, पुणे जिल्हा