चि. सायलीस

मिरज

चि. सायली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा "आई, तुला आमच्या क्षेत्रातले काही कळत नाही" असे म्हणून तू फोन ठेवलास, तेव्हापासून हे पत्र मनात घोळते आहे. तब्येतीविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवूनच बसले आहे.

तू जिची प्रसिद्धी सांभाळतेस त्या मालिकेची नायिका मध्यंतरी दिसेनाशी झाली, तेव्हा पुरवणीत बातमी आली होती की किरकोळ थकव्यामुळे ती विश्रांती घेत असून काळजीचे कारण नाही. बातमीखाली तुझे नाव नव्हते. परंतु जन्मभर मुलांचे निबंध तपासलेल्या बाईला पोटच्या मुलीचे वाक्य ओळखू येते. त्या नायिकेला डेंग्यू झाला होता, हे पुढे तूच हसत हसत सांगितलेस. आणि आता तुला सलाइन लावल्याचे नेहाकडून कळल्यावर मी फोन केला, तर तू मलाही तेच वाक्य ऐकवलेस. सायली, मी वार्ताहर नाही.

तुझे काम मला अगदीच कळत नाही, असे मात्र नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेले भाग, संपली की आज चित्रित झालेला भाग उद्या-परवा दाखवावा लागतो, अशा वेळी नायिका आजारी पडली तर लेखकाला एका रात्रीत कथानक वळवावे लागते आणि तिच्या गैरहजेरीचे पटण्याजोगे कारण जगाला तुला द्यावे लागते, हे तूच मला समजावले आहेस. गुरुवारी टीआरपी येतो, तेव्हा तुझे बाबा माझ्याआधी मोबाइलवर आकडे शोधतात आणि देशभरातल्या ५५,००० च्या आसपास घरांतल्या मीटरवरून हे ठरते, असे शेजारच्या काकांना ऐटीत सांगतात. ही ऐट तुझ्यासमोर ते कधी दाखवणार नाहीत, म्हणून लिहिले.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यात चित्रीकरण बंद झाले आणि तू युनिटबरोबर गोव्याला गेलीस. मे महिन्यात तिथेही परवानगी काढून घेतली, तेव्हा तू रिसॉर्टच्या जिन्यात बसून एकेका पत्रकाराला फोन करत होतीस, आणि मी इथे तुझा फोन लागत नाही म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. त्याही वेळी तू नीट जेवत नव्हतीस. (पाहा, आलेच मी त्याच विषयावर.)

शाळेच्या गॅदरिंगला तुला नाटकात घेतले होते, तर तू काम सोडून देऊन फलक रंगवायला बसलीस. बालगंधर्व नाट्यगृहाबाहेर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "नाटक पाहायला या" म्हणून हाताला धरून आत नेत होतीस. वाण्याच्या दुकानातला गडीही सुटला नव्हता. नलूआत्या तेव्हाच म्हणाल्या होत्या की ही पोरगी दुसऱ्याचे नाव करील. मला ते फारसे रुचले नव्हते. आज एखाद्या नवख्या मुलीची पहिली मुलाखत छापून येते आणि ती तुला ताई म्हणून फोन करते, तेव्हा मला त्यांचे बोलणे आठवते आणि अभिमानही वाटतो.

पण रात्री दोनला कुण्या नटाने काहीतरी पोस्ट केले म्हणून तू उठून बसावेस, हे काही मला पटत नाही. रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, सकाळी काहीतरी खाऊनच घोडबंदरला सेटवर जावे, लोह कमी असेल तर गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. हे भाषण झाले, क्षमा कर. वर्गात उभे राहण्याची सवय अजून जात नाही.

तपासणीचा कागद जसा आहे तसा पाठव. त्यावर तुझे वाक्य नको, डॉक्टरांचेच असू दे. मी शुक्रवारच्या महालक्ष्मीने निघते आहे, दादरला उतरेन; घ्यायला येऊ नकोस, सकाळची झोप मोडेल. सोबत मेतकूट आणि डिंकाचे लाडू आणते आहे. सेटवर वाटण्यापुरते मुद्दाम वेगळे बांधले आहेत, म्हणजे तुझे तुला राहतील.

तुझी,
आई