मंगल, तुझ्या हिरड्यांबद्दल

नौपाडा, ठाणे
रविवार दुपार

प्रिय मंगल,

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "ब्रश केला की थुंकीतून रक्त येतं गं, पण ते वयाचं असणार," आणि लगेच कुरडयांच्या चिकाकडे वळलीस. फोन ठेवला तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्याआधी दहा मिनिटं तू हेच सांगत होतीस, की भात सोडला, गोड बंद केलं, पहाटे प्रीतिसंगमापर्यंत चालून येतेस आणि तरी तीन महिन्यांची शुगर ८.४. शेवटी तुझा आवाज भरून आला. "माझंच काहीतरी चुकत असणार," म्हणालीस. त्या शब्दांसाठी हे पत्र लिहितेय. फोनवर मला एवढं नीट सांगता आलं नसतं.

आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय. ह्यांच्या गोळ्या वाढत गेल्या, एकीच्या दोन झाल्या. ज्या डॉक्टरांकडे जायचो त्यांनी दरवर्षी डोळे तपासायला पाठवलं, पायाची बोटं पाहिली, पण "तोंड उघडा बघू" असं कधी म्हटलं नाही. आणि मी वीस वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतेय, मलाही ते सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं. सुचलं ते माझ्या भाचीला. ती नेरुळला बीडीएस करते, शनिवारी ट्रान्स-हार्बर लोकलनं आमच्याकडे येते. जेवताना ह्यांनी पेरूची फोड चावली आणि फोडीला लाल डाग पडला. तिनं ताट बाजूला सारून टॉर्च मागितला.

राम मारुती रोडजवळच्या दाताच्या दवाखान्यात गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. डॉक्टरीणबाईंच्या हातात सुईसारखी बारीक पट्टी होती, तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या खुणा. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती हलकेच सोडायची, एका दाताला सहा ठिकाणी, आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. शेजारची मुलगी तक्त्यावर लिहीत होती. "दोन, तीन, दोन..." तीनपर्यंत ठीक असतं. पुढचे दात झाले आणि मागच्या दाढांवर आकडे चढायला लागले. पाच. सहा. सात. ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. सात मिलिमीटर म्हणजे दाढेच्या मुळाभोवतीचं हाड झिजत गेलंय आणि त्या खोबणीत जंतूंचा थर बसलाय. सगळ्या दातांभोवतीची ती ओली जखम एकत्र मांडली तर केवढी होईल बघ. तेवढी जखम पायावर असती तर मधुमेही माणसाला आपण त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं.

आता ते रक्तातलं सांगते, कारण खरी गाठ तिथं आहे. तपासून झालेल्या रक्ताच्या नळ्या टाकायच्या आधी आम्ही हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या पाण्यात बुडवतो. लालभडक रक्त बघता बघता तपकिरी पडतं आणि वास नाकाला झोंबतो. जवळजवळ तेच द्रव्य आपल्या पांढऱ्या पेशी आपल्या अंगात तयार करतात. त्यांना न्यूट्रोफिल म्हणतात. काचेवर रक्ताचा थर पसरून रंग दिला की तीन-चार पाकळ्यांच्या केंद्रकामुळे त्या लगेच ओळखू येतात. जंतू दिसला की त्या श्वासातून आलेल्या प्राणवायूचंच शस्त्र करतात. आधी सुपरऑक्साइड, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मग मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम त्यातून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. जंतू मरतो. हे शस्त्र हवंच. ज्या मुलांच्या न्यूट्रोफिलना जन्मतःच सुपरऑक्साइड बनवता येत नाही, ती मुलं एका जंतुसंसर्गातून उठून दुसऱ्यात पडतात.

हिरडीतली लढाई मात्र संपतच नाही. थर तिथंच असतो, पेशी येत राहतात, आणि त्यांचं द्रव्य जंतूंबरोबर आपल्या हिरडीलाही जाळतं. बर्मिंगहॅमचे हिरड्यांचे संशोधक इयान चॅपल यांच्या गटाला असं दिसलं, की हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांच्या हातातून काढलेल्या रक्तातल्या न्यूट्रोफिलही आधीच तापलेल्या असतात, काही न डिवचता जास्त सुपरऑक्साइड सोडतात. हातातून काढलेलं रक्त गं, तोंडातलं नव्हे! मी ते दोनदा वाचलं. मधुमेहातही हेच होतं, वेगळ्या वाटेनं. साखर प्रथिनांना चिकटून राहिली की त्यातून जे पदार्थ तयार होतात ते या पेशींना सतत चेतवत राहतात. म्हणजे तुझ्या रक्तात दोन्ही बाजूंनी जाळ लागलाय. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात: जाळणारं जास्त, विझवणारं कमी.

विझवणारं कमी कसं पडतं, ते लाल पेशीकडे बघून कळतं. तिला केंद्रक नाही, बिघडलेला भाग बदलून नवा करता येत नाही. जे घेऊन जन्मली त्यावरच साधारण १२० दिवस काढायचे. म्हणून तर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून आपण तीन महिन्यांचा हिशेब लावतो. तिच्याकडे संरक्षणाला ग्लुटाथिओन असतं. ते पुन्हा पुन्हा ताजं करायला एनएडीपीएच नावाचं पेशीतलंच एक द्रव्य लागतं. साखर वाढली की तिच्या काही भागाचं सॉर्बिटॉल नावाच्या दुसऱ्या पदार्थात रूपांतर होतं आणि त्यात तेच एनएडीपीएच खर्च होतं. मग पेशीच्या आवरणातली चरबी खवट व्हायला लागते. शेंगदाण्याचं तेल डब्यात राहून खवट होतं ना, तीच क्रिया. आवरण ताठरतं. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची, आणि कितीतरी केशवाहिन्या तिच्याहून अरुंद. वाकून, घडी होऊन तिला जावं लागतं. ताठरलेली पेशी ते कसं करणार? हिरडीला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही, सूज राहते. त्या सुजेतून टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात. साखर आणखी वाढते, आणि पुन्हा सगळं हिरडीवर येतं.

म्हणून सांगते, तू भात सोडूनही आकडा हलत नाही यात तुझा गुन्हा नाही. मधुमेह आणि हिरड्यांची ही गाठ काही आजच कळलेली नाही. हॅराल्ड लो या दंतसंशोधकांनी १९९३ मध्येच हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. तीस वर्षं उलटली, आणि आपल्याकडे १० कोटींच्या वर मधुमेही आहेत, तरी शुगरच्या फाइलमध्ये दातांचं पान नसतं. याचा मला राग येतो.

उपचारानं काय होतं, तेही खरं तेवढंच सांगते. २०१३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हिरड्या साफ करूनही साखरेत फरक दिसला नव्हता. पण पुढं सगळे अभ्यास एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेनं २०२२ मध्ये आढावा घेतला, त्यात तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर, सरासरी ०.४३नं उतरलेलं दिसलं. एखादी जादा गोळी सुरू करून कधीकधी एवढंच हाती लागतं. ह्यांचं रक्त मीच काढलं, जांभळ्या टोपणाच्या नळीत. ८.१ चं ७.६ झालं होतं, गोळ्या त्याच. त्या महिन्यांत ते तलावपाळीला रोज फेऱ्याही मारत होते, तेव्हा सगळं हिरड्यांच्या खात्यावर टाकत नाही. पण पेरू खाताना डाग पडत नाही, हे मी डोळ्यांनी बघते.

तुझ्या जाऊबाई म्हणतात ना, दात साफ केले की ढिले होतात? तसं नाही. दगडासारखा साठलेला थर दातांना धरून असतो. तो काढला आणि सूज उतरली की फटी दिसतात, दात मोकळे वाटतात. ढिले ते आधीच झालेले असतात. खोल खोबणी असतील तर भूल देऊन मुळं घासतात, दोन-तीन बैठका लागतात. ह्यांना नंतर आठवडाभर गार पाणी झोंबायचं, एवढंच. आणि रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नकोस, तिथला थर आणखी वाढेल. मऊ ब्रश घे, हलक्या हातानं, पण हिरडीच्या कडेपर्यंत. मशेरी तू सोडलीस म्हणतेस. अधूनमधून लावत असलीस तर मला खरं सांग, मी रागावणार नाही.

आणि अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल विकत आणू नकोस. तुझ्या शेजारणीनं आणल्यात म्हणालीस. व्हिटॅमिन ई देऊन मोठ्या चाचण्या झाल्या, मधुमेही माणसांच्या हृदयाला त्याचा फायदा दिसला नाही. जंतूंचा थर तसाच ठेवून वरून कॅप्सूल घेत राहायचं, हे मला पटत नाही. ते पैसे दाताच्या डॉक्टरांना दे.

माझ्या मनात असं आहे, की तू पुढच्या महिन्यात इकडे ये. कोयना एक्सप्रेसनं कल्याणला उतर, हे घ्यायला येतील. त्याच डॉक्टरीणबाईंकडे सकाळची वेळ घेते. सकाळी नाश्ता करून, रोजची गोळी घेऊनच जायचं, उपाशी नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव लिहून आण, पण स्वतःच्या मनानं बंद करू नकोस. गेल्या वर्षभराचे शुगरचे रिपोर्टही आण. तुझं रक्त मीच काढेन, आणि तीन महिन्यांनी पुन्हा काढायला कराडला येईन. तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
शोभा

ता. क. त्या दिवशी कोणत्या बाजूच्या दाढा दुखतात म्हणालीस, डाव्या की उजव्या? आरशासमोर उभी राहून बघ आणि सांग, म्हणजे वेळ घेतानाच त्यांना सांगता येईल.