बाप्या, तुझं नाक चार दिवस उसनं दे

फोंडा, गोवा
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय बाप्या,

आधी तारीख बघशील आणि मग शिव्या घालशील. घाल. पाडव्यानंतर तुला एक ओळ लिहिलेली नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस, आणि ही गोष्ट दोन वाक्यांत मावणारी नाही. तब्येत बरी आहे. जूनमध्ये आठवडाभर तापाने पडलो होतो, उठलो. हिचा गुडघा आहे तसाच.

भांगेच्या पाल्याच्या, आपल्या विजयेच्या, बरणीचा वास गेलाय रे.

हे वाक्य मी इथे कोणाला सांगू? हिला सांगितलं तर म्हणाली, "मग दुसरी आणा." तुला तेवढं वाक्य पुरेल. आयुर्वेद कॉलेजात द्रव्यगुणाच्या तासाला डोळ्यांवर रुमाल बांधून सरांनी आपल्याला वीस-वीस पुड्या हुंगायला लावल्या होत्या. वेखंड आणि जटामांसीत तू गोंधळायचास, मी तगरात. विजया मात्र दोघांची कधी चुकली नाही. सर म्हणायचे, पुस्तक विसरा, नाक विसरू नका.

तर झालं असं. आषाढात आमचे ते वरच्या वाड्यावरचे आजोबा आले. जुनी ग्रहणी, पोट कायम बिघडलेलं, रात्री चार वेळा उठणं, तुला मागे सांगितलं होतं ते. दोन वर्षं विजया घातलेलं जातिफलादी चूर्ण घेऊन माणूस उभा राहिला होता. आल्या आल्या म्हणाले, "डॉक्टर, पुड्यो लागना रे आता." मी पथ्य विचारलं, फणस खाल्लात का विचारलं, सगळं विचारलं. ते गेल्यावर कपाट उघडलं, चूर्णाची बाटली हुंगली. कापूर, लवंग, जायफळ, सगळं झकास. म्हटलं, चूर्ण तर उत्तम आहे. त्यांना तशाच पुड्या पुन्हा बांधून दिल्या. बाप्या, तशाच दिल्या.

पंधरा दिवसांनी ते परत आले, चेहरा उतरलेला. तेव्हा कुठे मी चूर्ण बाजूला ठेवून मूळ पाल्याची बरणी काढली. झाकण फिरवलं आणि नाक आत घातलं. काहीच नाही. गोठ्यातलं जुनं गवत असतं ना, तेवढंसुद्धा नाही. चिमूटभर पान तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबलं, तर त्याचं पीठ झालं. एरवी ते पान जरा वाकतं, मग मोडतं आणि बोटाला चिकट लागतं. हे राखेसारखं उडालं.

आता हस. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनच्या बाकावरचं आपलं भांडण आठव. बागेला नाव गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं, म्हणून विषय निघाला होता. 1563 मध्ये इथे गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात भांगेवर अख्खा संवाद आहे आणि तिच्यात लवंग, जायफळ, जायपत्री, कापूर घालतात असं त्याने लिहिलंय. तू म्हणालास, ही सुगंधी मंडळी शिळ्या भांगेची लाज झाकायला घालतात. मी एवढा चिडलो की तुझ्या वाट्याचं आइस्क्रीम मीच खाल्लं. दीपन, पाचन, ग्राही, एकेका द्रव्याचं काम तुला ऐकवत बसलो. माझं म्हणणं आजही तेच आहे, ती द्रव्यं कामासाठीच आहेत. पण माझ्या कपाटात त्यांनी झाकलंच ना? साखर सोडली तर त्या चूर्णात सगळ्यांत मोठा वाटा विजयेचा, आणि कापूर-लवंगेच्या आड ती कधी निपचित पडली ते मला कळलं नाही. तेव्हा अर्धं भांडण तू जिंकलास. आइस्क्रीम देणं लागतो.

पण खरी चिंता पुढेच आहे. बरणीपाशी उभा होतो आणि मनात आलं, वास बरणीचा गेलाय की माझ्या नाकाचा? जूनमधल्या त्या तापानंतर जेवण जरा सपक लागत होतं. पावसाळा आहे, तोंडाला चव नाही, असं म्हणून सोडून दिलं होतं. कापूर तर मला स्वच्छ येत होता! मग आठवलं, कापराची, ओव्याची, मेंथॉलची चुणचुण निराळ्या मज्जातंतूतून जाते, चेहऱ्याच्या ट्रायजेमिनलमधून. गंधाचा मज्जातंतू पार झोपला तरी कापूर नाकाला टोचतोच. म्हणजे मी इतके दिवस वास घेतच नव्हतो, नुसती टोचणी मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद केल्यावर औषधं बांधणाऱ्या आमच्या मावशींना सांगितलं, डोळ्यांवर रुमाल बांधा आणि एकेक नाकाखाली धरा. अगदी सरांसारखं. मावशींना वाटलं मला भ्रम झालाय, पण केलं बिचारीने. कापूर ओळखला. लवंग ओळखली. तिरफळाने नाकात झिणझिणी आली, ओळखलं. मग बराच वेळ काही नाही. मी म्हटलं, "मावशी, धरा ना." त्या म्हणाल्या, "धरलंय की कधीचं, लिंबाची साल आहे." ताजी, नखाने ओरबाडलेली. मग कॉफीची पूड धरली, तर नुसती ऊब जाणवली. रुमाल सोडला तेव्हा हात थरथरत होते. हे मी अजून हिलाही सांगितलेलं नाही.

शेवटी मावशींनाच विजयेची बरणी हुंगायला दिली. म्हणाल्या, "पूर्वी झाकण काढलं की खोलीभर व्हायचा. आता बंद पेटीतल्या धुवट लुगड्यासारखा येतोय." म्हणजे बरणीचाही गेलाय आणि माझाही. दोन्ही खरं.

बरणीचा का गेला, ते शोधून काढलं. चूक माझीच, आणि तीही अतिशहाणपणाची. पाला दरवर्षीसारखा फाल्गुनात आला, परवान्याच्या व्यापाऱ्याकडून, पावतीसह. (शेंडे नसलेलं नुसतं पान 1985 चा अमली पदार्थांचा कायदा गांजात धरत नाही, पण शेड्यूल ई-1 मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, ते आहेच. म्हणून माझ्याकडे कुलूप आणि वही, तुला माहितीये.) काचेच्या बरणीत भरला. तुझ्या कापडी पिशवीचं तुणतुणं आता पुरे कर. देशावर चालत असेल, इथे आषाढात पिशवीतलं मीठसुद्धा पाझरतं, तिथे पाल्यावर आठ दिवसांत बुरशी येईल. बरणीतली आर्द्रता 58 ते 62 टक्क्यांच्या आसपास असावी. 65 च्या वर गेली की बुरशीची भीती, 55 च्या खाली उतरली की पान ठिसूळ होतं आणि वास उडतो. म्हणून यंदा बोटाच्या पेराएवढं आर्द्रतामापक घेऊन बरणीत ठेवलं.

ते बरोबर आहे का, हे मिठाने तपासतात. झाकणात मीठ घ्यायचं, चार थेंब पाण्याने ओल्या वाळूसारखं करायचं आणि मापकासोबत डब्यात रात्रभर बंद ठेवायचं. सकाळी आकडा 75 यायला हवा. माझा आला 69. म्हटलं, यंत्र सहाने कमी दाखवतंय. पुढे बरणीत 58 दिसले की मी 64 धरायचो आणि घाबरून सिलिका जेलच्या पुड्या टाकायचो. परवा मावशींनी स्वयंपाकघरातलं बारीक मीठ काढून दिलं, त्याने पुन्हा तपासलं. बरोबर 75. यंत्र पहिल्यापासून ठीक होतं! मी वापरलं होतं मिठागराचं जाडं मीठ, पुरुमेंताला, पावसाळ्याच्या बेगमीला आणलेलं. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतलं पाणी जास्त ओढून धरतात आणि आकडा खाली येतो. त्या सहा अंकांपायी मी चांगला भरलेला पाला सुकवून सुकवून मारला. मापक शेवटी 47 वर आलं होतं आणि मी ते 53 समजून समाधानात होतो. शिवाय ते जेल नुसतं पाणीच ओढत नाही, थोडा वासही पिऊन टाकतं.

आधी जातात ती हलकी तेलं, मिर्सीन, पिनीन, लिमोनीन. लिंबासारखा, आंब्याच्या चिकासारखा तो पहिला भपका त्यांचाच. कॅरिओफायलीन जड, ते मागे रेंगाळतं. आणि तेच लवंगेत आणि मिऱ्यातही असतं, म्हणजे चूर्णात ते विजयेचं की लवंगेचं हे कोण सांगणार?

पाल्याचं वीर्य, म्हणजे औषधाची ताकद, किती टिकतं तेही मी वाचलं. 1976 साली लंडनच्या लोकांनी साठवणीवर काम केलं होतं. सगळ्यांत जास्त नुकसान उजेडाने होतं, आणि अंधारात नीट ठेवलेला माल साध्या तापमानालाही वर्ष-दोन वर्षं बऱ्यापैकी टिकतो, असं त्यांना दिसलं. अमेरिकेतल्या नंतरच्या मोजणीत साध्या तापमानाला टीएचसी, म्हणजे भांगेतलं मुख्य नशेचं द्रव्य, पहिल्या वर्षी साधारण सहावा भाग उतरलं आणि चार वर्षांत चाळीस टक्क्यांच्या वर. हवा लागली की त्याचं सीबीएन हे बरंच सौम्य द्रव्य होतं. आता माझी बरणी कुठे होती ते ऐक. खिडकीसमोरच्या फळीवर, बिनरंगी काचेची. का, तर मापकाचा आकडा लांबून दिसावा म्हणून! शिवाय दिवसातून दोनदा उघडून बघायचो. निम्मी रिकामी झालेली बरणी, वर सगळी हवा. सरांनी बघितलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराने, शार्ङ्गधराने, चूर्णाला टिकायला दोन महिने दिलेत, आजचा नियम दोन वर्षं देतो. मला पूर्वी दोन महिने फार कडक वाटायचे. पण फोंड्यात बसून आषाढ बघितला की तो म्हातारा बरोबर वाटतो.

आजोबांच्या घरी जाऊन सांगितलं. म्हटलं, औषध उतरलं होतं, दोष माझा, पैसे परत घ्या. ते म्हणाले, "तुमी सांगलें, पुरो." पैसे घेतले नाहीत, उलट वाल घातलेली अळूची भाजी खाऊन जा म्हणाले. खाल्ली. चव लागली नाही, पण चांगली आहे म्हणालो, आणि ती चांगलीच असणार.

जुना पाला आणि चूर्ण वहीत नोंद करून वेगळं काढलंय. नवा पाला थोडाच येतोय. यावेळी तपकिरी काचेच्या लहान लहान बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, आतल्या कपाटात. एक संपल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. प्लॅस्टिक नाही, ते तेल शोषतं. फ्रिजही नाही. या हवेत गार बाटली उघडली की आत दव धरतं. शोधनही एकदम नाही, पंधरा दिवसांपुरतंच धुवून, वाळवून, गाईच्या तुपात परतायचं. तूप खवट झालं तर दुसरं दुखणं.

हे सगळं मावशी आणि मी करू. पण माल घेताना ताजा की शिळा ते सांगणार कोण? मावशींचं नाक चांगलं आहे, पण त्यांना "धुवट लुगडं" एवढंच म्हणता येतं. कितव्या महिन्यातला पाला आहे हे त्यांना सांगता येणार नाही. तुला येईल. माझं नाक परत येईल म्हणतात. कान-नाक-घसावाल्याने रोज दोनदा लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगायला सांगितलंय, तीन-चार महिने. रोज करतो. परवा लिंबाला किंचित काहीतरी लागलं असं वाटलं, पण ते खरं की माझी आशा, कळेना.

तुझी लेक बारावी झाली ना? कुठे घेतला प्रवेश? काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल. नव्या जागेत दवाखान्याचा जम बसला का ते लिही.

चवथीला ये. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला एक हात कमी आहे, आणि तिच्याखाली उभं राहून कशाकशाचा वास येतोय ते मला एकेक नाव घेऊन सांग. नवा पाला त्याच आठवड्यात येतोय, मी व्यापाऱ्याला तू येईपर्यंत थांबवून धरतो. पिशवी आणायची असेल तर आण, मी काही बोलणार नाही.

तुझा,
दत्ता