प्रत्येक फेसाळ बाटली शॅम्पेन नसते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील शॅम्पेनवरचा लेख आवडीने वाचला. लग्नसोहळे, विजयोत्सव आणि नववर्षाची रात्र यांत ही बाटली कशी शिरली, याचा लेखकाने घेतलेला मागोवा रंजक आहे. मात्र त्यातील दोन बाबींविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिली बाब दों पेरिन्यों या साधूची. फ्रान्समधील ओव्हिलेरच्या मठातील या साधूला फेसाळ वाइनचा शोध अचानक लागला आणि 'मी तारे पितो आहे' असे तो उद्गारला, ही कथा लेखात घडलेली घटना म्हणून आली आहे. वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. शॅम्पेन प्रांतात थंडी पडली की पिंपातील रसाचे आंबणे थांबे आणि वसंतात पुन्हा सुरू होई. तोवर वाइन बाटलीत भरलेली असल्यास आत वायू कोंडून बाटल्या फुटत. मठाच्या तळघराचा कारभार पाहणाऱ्या पेरिन्यों यांच्या लेखी बुडबुडे हा दोष होता आणि तो टाळण्याचीच त्यांची खटपट होती. वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याची इंग्रज व्यापाऱ्यांची रीत इंग्रज वैद्य ख्रिस्तोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे १६६२ सालीच मांडली होती, म्हणजे पेरिन्यों मठाचे कारभारी होण्याच्या सहा वर्षे आधी. कोळशाच्या भट्टीत तयार होणारी इंग्रजी काच जाड असल्याने तो दाब सोसू शकत असे. शोधाचे श्रेय पेरिन्यों यांना मिळाले ते त्याच मठातील एका साधूने १८२१ साली लिहिलेल्या पत्रामुळे, आणि ताऱ्यांचे ते वाक्य तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका जाहिरातीत अवतरले.

या साधूला एवढी जागा देताना लेखकाने बार्ब-निकोल क्लिको यांना एका ओळीत उरकले, याची चुटपुट लागते. १८०५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वैधव्य आल्यावर त्यांनी सासरचा शॅम्पेनचा व्यवसाय हाती घेतला, १८१४ साली नेपोलियनची युद्धे पुरती निवळण्याआधीच रशियाला माल रवाना केला आणि बाटल्या भोके पाडलेल्या मेजावर उलट्या खोचून, हळूहळू फिरवत गाळ बुचापाशी आणण्याची पद्धत त्यांच्याच तळघरात बसवली गेली. त्या गाळामुळे तोवर गढूळ दिसणारी वाइन नितळ झाली. त्यांच्या बाटलीवर आजही 'व्हव्ह', म्हणजे विधवा, हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. आपल्याकडे ज्या शब्दाला मंगलकार्यात थारा नव्हता, तो शब्द मिरवणारी बाटली जगभरच्या लग्नांत उघडली जाते, हे लेखकाच्या नजरेतून निसटायला नको होते.

दुसरी बाब आपल्या क्रीडा पानाशीही संबंधित आहे. १९६७ साली ल माँची मोटारशर्यत जिंकल्यावर डॅन गर्नी यांनी हातातली बाटली हलवून भोवतालच्यांवर फवारली आणि तेव्हापासून शॅम्पेन पिण्याइतकीच उडवण्याचीही वस्तू झाली, हे लेखात योग्य आले आहे. परंतु त्यापुढे फॉर्म्युला वनच्या प्रत्येक छायाचित्राखाली 'शॅम्पेनचा वर्षाव' असे छापणे चूक ठरते. २०२१ पासून चार हंगाम त्या व्यासपीठावर इटलीतील त्रेंतोची फेसाळ वाइन होती आणि बहारिनमध्ये तर कित्येक वर्षे गुलाबपाण्याचे, मद्यार्क नसलेले पेय उडवले गेले.

हा काथ्याकूट वाटेल; पण शॅम्पेन हे आधी एका प्रांताचे नाव आहे. पॅरिसच्या ईशान्येस, रँस आणि एपेर्ने या गावांभोवतीच्या खडूमिश्रित जमिनीत पिकलेल्या द्राक्षांची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून किमान पंधरा महिने तळघरात ठेवलेली वाइन तेवढी शॅम्पेन. बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून तेच नाव लावणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध १९११ साली तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले, पिंपे फोडली गेली आणि सैन्य बोलवावे लागले. भारतातही या नावाची भौगोलिक मानांकन म्हणून नोंद आहे. मोएत हेनेसी या फ्रेंच समूहाची, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत तयार होणारी वाइन २०१३ साली बाजारात आली. समूह शॅम्पेनच्या जगप्रसिद्ध घराण्यांचा मालक असूनही तिच्या बाटलीवर तो शब्द नाही. परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरला की आपण चिडतो, आणि आपली वृत्तपत्रे त्यावर रास्तपणे बातमी करतात.

तेव्हा छायाचित्रात बाटलीवरचे नाव दिसत नसेल, तर त्याखालच्या ओळीत 'फेसाळ वाइन' एवढेच छापावे, आणि दों पेरिन्यों यांच्याविषयीचा खुलासा पुढील रविवारच्या पुरवणीत द्यावा, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
नाशिक